कुत्र्याचं औषध, बायकोच्या नावावर

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्यानंतर शिकारखाना मोडला. तिथल्या एका नोकराने शिकारी कुत्र्यांची पिल्लं ओळखीच्या घरी वाटून टाकली, त्यातलं एक आमच्या दोन खोल्यांत आलं. लांब तोंडाचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, पळण्यासाठीच घडवलेला कुत्रा. हौस माझी नव्हती, बायकोची होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी गेलो की घरी यायला उशीर होई. कुत्रा दिवसभर तिच्यासोबत असे.

तो तीन वर्षांचा असताना, मार्गशीर्षात, आजारी पडला. डोळ्यांतून पिवळा पू यायला लागला, नाक कोरडं पडलं, मग खोकला. चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आम्ही त्याला टांग्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर पूर्वी दरबारची घोडी आणि शिकारी कुत्री बघत. त्यांनी बरगड्यांवर नळी लावली, दोन्ही बाजूंनी ऐकलं आणि सांगितलं, "डिस्टेंपर. या रोगाला औषध नाही. पण छाती भरलीये, ती सल्फाच्या गोळ्यांनी मोकळी झाली तर जगेल. आज-उद्या सुरू करा. परवा सुरू करून उपयोग नाही."

दवाखान्यात सल्फाच्या गोळ्या शिल्लक नव्हत्या. त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. वर जनावराची जात, मालकाचं नाव, खाली औषध आणि किती, कधी द्यायचं ते. ते दुपारच्या गाडीने शाहूवाडीला निघणार होते. तिकडे बुळकांडीची साथ होती आणि गावोगावची गुरं टोचायची होती. त्यांची घाई दिसत होती, म्हणून मी चिठ्ठी न वाचताच घडी घालून खिशात ठेवली.

औषधाच्या दुकानदाराने ती उघडली, पहिली ओळ आणि औषधाचं नाव वाचलं आणि परत केली.

"पावणं, ह्ये कुत्र्याचं हाय."

"हो. डॉक्टरांची सही आहे."

"सही हाय की. पर ह्या गोळ्या मला नावानिशी वहीत लिवाय लागत्यात. तपासणीस आला म्हंजे त्याला काय कुत्रं दावू? हितं माणसास्नी पुरंनात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माणसाच्या नावानं आणा की. समदी तसंच करत्यात. त्या पेठेतल्या पैलवानाची म्हस गेल्या म्हैन्यात माझ्याकडनंच बरी झाली, त्याच्या सासूच्या नावावर."

मी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली, औषधाचं नाव पाहिलं आणि हसले.

"कुणाच्या नावावर लिहू? तुम्ही रोज बाजारात दिसता. वहिनींच्या नावावर लिहितो. त्यांना म्हणावं, शेजारणी आल्या की जरा खोकत जा."

त्यांनी बायकोच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. आता माझ्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या. कचेरीत आमचा एक कडक नियम होता. मजकूर नव्याने लिहिला की जुना कागद तिथल्या तिथे फाडायचा, नाहीतर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याकडे दोन्ही जातात आणि एकच बातमी दोनदा छापली जाते. बारा वर्षं मी हे करत होतो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मी गुरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी चार तुकडे करून गटारात टाकली. त्यात मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही.

दुकानदाराने गोळ्या दिल्या. मी त्या घरी टाकल्या आणि कचेरीत गेलो. तासाभरात बायको कचेरीच्या दारात उभी. ती यापूर्वी तिथे कधी आली नव्हती.

"अहो, पुडीवर दोन-दोन गोळ्या चार वेळा लिहिलंय. एवढ्या कुत्र्याला?"

घरच्या डॉक्टरांनी नाव बदललं होतं तसं प्रमाणही बदललं होतं. ते बाईला देतात तेवढं होतं. मी त्यांच्याकडे धावलो.

"बाईच्या नावावर कुत्र्याचं प्रमाण लिहिलं असतं तर दुकानदाराने परत पाठवलं असतं," ते म्हणाले. "प्रमाण त्यांच्या चिठ्ठीवर आहे की. ती बघा."

"ती फाडली."

"मी फक्त औषधाचं नाव पाहिलं. कुत्र्याला किती द्यायचं हे मला ठाऊक नाही. हे औषध जास्त झालं तर मूत्रपिंडं बंद पडतात. अंदाजाने सांगणार नाही."

दुकानदाराने औषधाच्या नावापुढे वाचलं नव्हतं. गुरांचे डॉक्टर तोवर निघून गेले होते; त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "सायेबांनी लिवलं, सायेबांस्नीच म्हायती."

त्या संध्याकाळी गोळ्या घरात होत्या आणि कुत्रा श्वासागणिक कण्हत होता. बायको म्हणाली, "अर्धी देऊया. अर्धीनं काय होतंय?"

"मी विचारून येईपर्यंत काही द्यायचं नाही."

"आणि उद्या रात्र झाली तर?"

"द्यायचं नाही," मी म्हणालो. माहिती पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही माझी सवय होती आणि मला तिचा अभिमान होता.

मंगळवारी पहिल्या एस.टी.ने मी शाहूवाडीजवळच्या मलकापूरला उतरलो. डॉक्टर पुढच्या गावी गेले होते. भाताची कापणी झालेल्या खाचरांतून दीड तास चाललो. एका माळावर शे-दीडशे जनावरं दोरांना बांधलेली होती. एक शेतकरी म्हणाला, "डाक्टर व्हय? त्ये काय, बैलाच्या मागं. तुमचं जनावर कुटं हाय?"

डॉक्टरांनी सुई हातातच ठेवून माझं ऐकून घेतलं.

"पहिल्यांदा एक, मग दर सहा तासांनी अर्धी. भरपूर पाणी. काल दुपारी किती दिल्या?"

"एकही नाही. प्रमाण कळेना."

"एकही नाही?" ते ओरडले. आसपासची माणसं वळून पाहायला लागली. "अहो, अर्धी-अर्धी दिली असती तरी चाललं असतं! शहाणी माणसं ना तुम्ही?" मग त्यांनी पुढच्या बैलाची मान धरली.

परतीच्या गाडीने मी दिवेलागणीला घरी पोचलो. बायको जमिनीवर बसली होती, कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर. पुडी मी ठेवली तिथेच, बांधलेली होती.

मी प्रमाण सांगितलं. तिने एक गोळी कुटली, पाण्यात कालवली आणि त्याचा गाल ओढून चमच्याने आत सोडली. ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. तिने पुसलं, दुसरी कुटली आणि परत सोडली. त्याला गिळता येत नव्हतं. तिसऱ्या गोळीनंतर मी चमचा तिच्या हातातून काढून घेतला. बुधवारी सकाळी, दूधवाला यायच्या आधी, तो गेला.

त्याला पुरून आल्यावर तिने हात धुतले आणि विचारलं, "डॉक्टर आणखी काय म्हणाले?"

"पाणी भरपूर द्या म्हणाले."

"सोमवारी अर्धी दिली असती तर चाललं असतं का? विचारलंत?"

"ते विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि मला चहा ठेवला. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि आमच्या घरात पुन्हा कुत्रा आला नाही.