मासवडीवरचं पांढरं

भिमाजी एसटीतला निवृत्त ड्रायव्हर. आळेफाट्यावरनं गाडी हाकत होता तेव्हापासून अंजनाबाईच्या हातची मासवडी खात आलेला. त्या दिवशी तो फाट्यावर जेवून, वाट वाकडी करून महाळुंगे पडवळला तिच्या घरी आला, ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला, पोराबाळांचं विचारलं आणि उठता उठता म्हणाला, "वयनी, हात थकला व्हय तुमचा?"

एवढंच बोलून गेला. भला माणूस, त्याला टोचून बोलता येत नाही. म्हणून तर ते जास्त टोचलं.

अंजनाबाईचा हात तीन महिने कशाला लागलाच नव्हता. आधी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मग दुसऱ्याचा. डॉक्टरनं सांगितलं, धूर नको, जाळ नको. त्यामुळं फाट्यावरचं हॉटेल पोराच्या आणि सुनेच्या हवाली करून ती घरी बसली होती. पण हॉटेलच्या बोर्डावर तोंड तिचंच होतं. सुपाएवढं, कुंकवासकट, खाली लिहिलेलं 'अंजनाबाईची अस्सल मासवडी'. भिमाजी ते तोंड बघून आत शिरला होता, म्हणजे त्यानं जे काही खाल्लं ते तिच्याच नावावर खाल्लं होतं.

हे नाव काही बोर्डामुळं झालं नव्हतं. तिचा नवरा सयाजी फाट्यावर तय्यबच्या गॅरेजात कामाला होता. ती त्याचा डबा घेऊन जायची. एकदा डब्यात मासवडी होती, तय्यबनं एक तुकडा उचलला, एका ट्रकवाल्यानं दुसरा, आणि सयाजी त्या दिवशी उपाशी राहिला. दुसऱ्या दिवसापासून ती परातभर करून न्यायला लागली. मग गॅरेजला लागून पत्र्याचं छप्पर झालं, मग भिंती आल्या. सयाजी गेला, पोरगा सुदर्शन हाताशी आला, त्यानं बोर्ड लावला. तेव्हा ती लाजली होती. नंतर मात्र एसटीतनं जाताना पदर सारखा करून हळूच बघायची.

मासवडीला दुसरं काही लागत नाही, भाजून घ्यायची तयारी लागते. बेसन फोडणीच्या पाण्यात घाटून घट्ट झालं की चुलीवरनं थेट ओल्या फडक्यावर घ्यायचं आणि वाफ जायच्या आत हातानं थापायचं. गार झालं की चिरतं. वर तीळ, सुकं खोबरं, लसणाचं सारण मुठीनं पसरायचं, फडक्याची कड उचलून वळायचं, दाबून माशाचा आकार द्यायचा. अंजनाबाईच्या बोटांची टोकं इतकी वर्षं भाजून भाजून बधिर झालेली. सुई टोचली तरी कळत नव्हती. आणि विचारणारा विचारतो, हात थकला व्हय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती फाट्यावर उतरली. डोळ्याला काळा चष्मा, डोक्यावर पदर. कोपऱ्यातल्या टेबलावर पावण्यासारखी जाऊन बसली. वाढपी नवा होता, त्यानं ओळखलं नाही. तिनं मासवडी मागितली. त्यानं विचारलं, साधी का मायो? सगळे मायोच घेतात म्हणाला. ती म्हणाली, आण तेच.

ताट आलं. कसल्यातरी तळलेल्या वड्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या पातळ कशाच्या तरी नागमोडी रेघोट्या, इतक्या की खालचं दिसू नये. रस्सा नाही. लाल सॉसचा ठिपका. शेजारच्या टेबलावर अवसरीच्या कॉलेजातली पोरंपोरी नाशिककडं निघालेली, त्यांनी पांढरं आणखी मागून घेतलं आणि बोटं चाटली.

अंजनाबाई रागीट असली तरी आंधळी नव्हती, आता तर मुळीच नव्हती. तिनं आधी ते पांढरं बोटावर घेऊन नीट चाखलं. आंबट, जरा गोड, तेलकट. वाईट म्हणावं असं काही नाही. पोरांना आवडत असंल तर खावं पोरांनी. जिभेवर पसरून बसलं आणि उठायचं नाव घेईना, एवढंच.

मग तिनं चमच्यानं ते सगळं खरवडून ताटाच्या कडेला लावलं आणि खालची वडी मोडली.

आत तीळ नव्हता, खोबरं नव्हतं. शेंगदाण्याचा भरड कूट होता, तोही खवट. बेसनाचा पापुद्रा चामड्यासारखा झालेला. कालची वडी, फ्रीजमधली, तिचं वाळकेपण लपवायला तळलेली आणि तळलेलं लपवायला पांढऱ्याखाली घातलेली.

ती ताट घेऊन तशीच आत गेली. सून तेजस्विनी तळणीपाशी होती. सासूला बघून तिच्या हातातला झारा तिथंच राहिला. तिनं खरं ते सांगितलं. पहाटे उठून तीन पराती एकटीनं थापल्या, हाताला फोड आले, तरी दुपारपर्यंत पुरेनात. मग आदल्या दिवशीच करून ठेवायला लागली. अंजनाबाईनं तिचे तळहात बघितले. फोड होते. गल्ल्यावरनं सुदर्शन आत आला. ती त्याच्याकडं वळली.

सुदर्शन म्हणाला, जमाना बदलला, पोरं त्याचे व्हिडिओ काढत्यात, गर्दी दुप्पट झाली. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि कुटाचं विचारलं. फोड बायकोच्या हाताला आले, पण खोबऱ्याच्या जागी कूट कुणी घातला?

सुदर्शन मान खाली घालून म्हणाला, "कोणाला कळतंय आई? वरनं मायो असतं."

अंजनाबाईचा राग असा की तो चढला की आवाज उतरतो. तिनं ओट्यावरची मायोची बाटली उचलली, चांगली हातभर, आणि बाहेर आली. शेजारी तय्यब गॅरेजच्या दारात बसला होता. त्याच्याकडं तिनं शिडी मागितली.

तय्यब म्हणाला, "भाभी, डोळं नवं हायती. चढू नका."

"डोळं नवं हायती म्हणून तर चढती. धरा तुमी."

त्यानं तिचं तोंड बघितलं आणि मुकाट शिडी बोर्डाला लावून धरली.

ती चढली. बोर्डावरच्या आपल्या तोंडासमोर उभी राहिली आणि बाटली दाबली. आधी कपाळ गेलं, कुंकू गेलं, मग डोळे, मग हसरं तोंड. नुसत्या रेघोट्यांवर तिचं भागलं नाही. बेसन थापते तसं तळहातानं थापून बसवलं. कॉलेजची पोरं बाहेर आली, मोबाईल वर झाले. दोन ट्रकवाले थांबले.

सुदर्शन धावत आला. "आई, खाली उतर. लोकं बघत्यात."

"बघू दे की," ती वरनं म्हणाली. "कोणाला कळतंय? वरनं मायो हाय."

तय्यब हसला नाही, पण शिडी जरा हलली.

खाली उतरून तिनं पदराला हात पुसले आणि पोराला सांगितलं की हॉटेल तुझं, मायो घाल नाहीतर चुना घाल, माझं थोबाड तेवढं काढ. तो म्हणाला, उद्यापासून खोबरं घालतो, कूट बंद. ती म्हणाली, आधी थोबाड. मग गाडीला उभी राहिली. घरापर्यंत तिच्या हाताला तेलाचा वास येत होता आणि त्या वासानं तिचा राग वाढतच होता.

तीन दिवसांनी सुदर्शन बोर्डावरचा तिच्या तोंडाचा फ्लेक्स गुंडाळून घेऊन आला. त्यानं तो पुसला होता, तरी कडेला मुंग्या होत्या. बोर्डावर आता नुसतं हॉटेलचं नाव आहे. गर्दी कमी झाली नाही. खोबरं घालतो म्हणतो, घालतही असंल. ती बघायला गेली नाही.

फ्लेक्स तिनं परसात सरपणावर टाकला, तोंड खाली करून, आणि वर चार दगड ठेवले. झाकायचंच तर लाकडं झाकली जातील.

मग भिमाजीला निरोप धाडला. डॉक्टर नको म्हणाला होता, तरी चूल पेटवली. तो आला तेव्हा वाफाळती मासवडी आणि पातळ काळा रस्सा त्याच्यापुढं आदळून ठेवला, थोडा सांडलाही.

"खावा," ती म्हणाली. "आन मग विचारा काय विचारायचं ते."

भिमाजीनं वडी मोडून रश्शात बुडवली, खाल्ली. वाटी पुढं केली, आणखी रस्सा मागितला.