घारीची मूठ

लालबागच्या बाजारात रमाबाई गेली चाळीस वर्षं कोंबडी साफ करून विकतात. सासूची एक रीत त्यांनी सोडलेली नाही. तंगडी द्यायची ती आतल्या पांढऱ्या दोऱ्या ओढून काढूनच, नाहीतर पोरांच्या दातांत अडकतात. पुस्तकात त्यांना कंडरा म्हणतात. मांस सगळं मांडीत, पंजात नुसत्या दोऱ्या, हे रमाबाईंना पुस्तकाशिवाय ठाऊक.

दर बुधवारी त्या शिवाजी पार्कला चौथ्या मजल्यावर मृणालिनीबाईंकडे कोंबडी पोचवतात, जिन्याने. 'मांस-मच्छीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये' अशी पाटी सोसायटीचे सेक्रेटरी उन्मेष यांनी लावली आहे. त्यांची स्वतःची बिर्याणी मात्र लिफ्टने येते.

परवा रमाबाई पोचल्या तर खिडकीच्या ग्रिलचं दार उघडं आणि खालच्या गजावर घार. पंखात मांजा गुरफटलेला, दोन्ही पंजे गजाला आवळलेले. उन्मेष जाड हातमोजे घालून तिला पाठीवरून खाली दाबत होते. मृणालिनीबाई टॉवेल हातात घेऊन मागे उभ्या होत्या. सीताराम वॉचमनकडे पक्कड.

"सोडतच नाही," उन्मेष म्हणाले. "सीताराम, बोटं तोडून टाक."

रमाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "आधी तुमची तोडू का, साहेब?"

"कोंबड्या कापणाऱ्या बाईने दया शिकवू नये, मावशी."

"मी एका घावात मान कापते. जित्या जीवाची बोटं तोडत नाही. आणि दाबताय कशाला? पाय दुमडला की मागची दोरी ताणते, मूठ आपोआप मिटते. म्हणून तर झोपेतही पाखरू फांदीवरून पडत नाही. तुम्ही दाबणार, ती आवळणार, आणि दोष तिचा?"

"मी इंजिनिअर आहे."

"मग इतकं कळायला हवं होतं."

रमाबाईंनी मृणालिनीबाईंच्या हातातला टॉवेल घेऊन घारीच्या डोक्यावर टाकला, पोटाखाली हात घातला आणि तिला अलगद वर उचललं. पाय सरळ झाले तशी एकेक बोट सैल पडलं. गज सुटला. मृणालिनीबाईंनी आणून दिलेल्या कात्रीने सीतारामने मांजा कापला.

पंखातून रक्त येत होतं. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेणं भाग होतं. टॉवेलात गुंडाळलेली घार छातीशी धरून रमाबाई बाहेर आल्या आणि थेट लिफ्टपाशी उभ्या राहिल्या.

"मावशी, जिना तिकडे आहे," उन्मेष म्हणाले.

रमाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. पक्कड खिशात घालून सीतारामनेच बटण दाबलं.