मुळाशी ठेवलेले तांदूळ

गजरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोमाटण्याच्या चौकात पत्रकं वाटत होते. पत्रक तिच्यावरच होतं. हातातल्या प्रत्येक प्रतीवर ‘जखमी केलं’ खोडून ‘ठार केलं’ लिहिलं आणि वाटत राहिले...

औंढ्याच्या डोंगरउतारावरच्या गायरानावर ती आम्हा पोरीबायांना झाडपाला शिकवायची. शतावरी कुठे रुजते, हिरडा कधी वेचायचा, आणि लगेच, ही जमीन कुणाची. “पानाचं नाव इचारता, जमिनीचं का न्हाई इचारत? नुसता पाला तर शेळ्या बी वळखत्यात,” म्हणायची. तिचा एक नेम होता. औषधासाठी मूळ काढायचं तर आदल्या संध्याकाळी तिथे चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि ‘उद्या येते’ म्हणून झाडाला सांगायचं. तांदूळ ठेवले म्हणजे ते मूळ उद्या निघणार, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

बंगल्यांच्या स्कीमवाल्यांनी गायरानाला कुंपण ठोकलं, पायथ्याला पोकलेन आणून लावला. सकाळी सगळ्यांनी त्याच्यापुढे आडवं पडायचं ठरलं. त्या संध्याकाळी मावशीने हिरड्यांखालच्या शतावरीला तांदूळ ठेवले. मशीन फिरलंच तर निदान ती मुळं हलवून जगवावीत, एवढंच तिच्या मनात. गुरं घेऊन परतणाऱ्यांनी ते पाहिलं आणि गावभर झालं, मावशीनंच गायरान सोडलं. सकाळी कुणी फिरकलं नाही.

ती एकटी उभी राहिली. स्कीमवाल्यांच्या माणसांनी तिला केसांना धरून फरफटवलं, बोटं बुटाखाली चिरडली, फावड्याचा दांडा डोक्यात घातला. मी तळेगावहून पोचले तेव्हा तिच्या तोंडात रक्त आणि माती होती. मागे अर्धा उतार सोलून काढलेला, हिरडे मुळं वर करून पडलेले.

दवाखान्यात शेजारची हौसाकाकी तिच्या पायाशी बसून म्हणाली, “तू तांदूळ ठिवलंस... आमाला वाटलं, तूच हो म्हनलीस.”

मावशीचा जबडा बांधलेला. दातांतूनच म्हणाली, “झाडाला सांगितलं व्हतं गं. तुमी काय झाडं हाय, गप ऱ्हायला?”

त्यानंतर ती बोलली नाही.

काल पोकलेन उरलेल्या उताराखाली पुन्हा येऊन उभा राहिला. संध्याकाळी मी मावशीच्या घरी गेले. तांदळाचा डबा दाराआड त्याच्या जागी तसाच होता. तो घेऊन वर चढले आणि कुंपणाच्या एकेका खांबाच्या मुळाशी चिमूट चिमूट ठेवत गेले. गुरं घेऊन परतणारे बघत होते. त्यांनी बघावं म्हणूनच ती वेळ धरली होती.

सकाळी पहार घेऊन सगळ्यांत आधी हौसाकाकी आली.

डब्यात अजून पुष्कळ तांदूळ आहेत.