बाजेखालची शेगडी

मुलगी पहिल्या बाळंतपणाला मुरबाडला माझ्याकडे आली तेव्हा माझा नवरा म्हणाला, "बाजेखाली कोळसे कशाला? रूम हीटर आण." इकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि हीटर बिघडला की घेऊन धावा कल्याणला. मी ऐकलं नाही. शेगडीच घ्यायची होती, तीही बिडाची.

कारण माझ्या वाट्याला पत्र्याची आली होती. थोरल्या जावेला मुलगा झाला तेव्हा सासूने घरातली बिडाची शेगडी तिच्या बाजेखाली सरकवली. मला मुलगी झाली. सासूने तेलाचा डबा कापून केलेली शेगडी पुढे केली आणि म्हणाली, "पोरगीच हाय ना गो, तिला कशाला एवढा शेक?" थोड्याच दिवसांत त्या डब्याचा तळ गेला. निखारे सांडले, लोंबणारी गोधडी पेटली. ओल्या टाक्यांनिशी उठून मीच पाणी ओतलं. पुढची सगळी थंडी पोरीला छातीशी धरून काढली. जाऊ वेगळी झाली तेव्हा चांगली शेगडी घेऊन गेली. डबा मी जपून ठेवला.

शहापूरच्या बाजारात दुकानदार हलक्या, रंगवलेल्या शेगड्या दाखवत होता. मी त्या बाजूला सारल्या. कोपऱ्यात एक होती, जाड बिडाची, रुंद पायांची. राख झाडली की झालं, आणि जाळी झिजली तर तेवढीच बदलायची.

"ताई, जड आहे. नेणार कशी?"

"ते माझं मी बघीन. माझ्यामागं टिकली पायजे."

एसटीत पायांत धरून आणली. घरी सासू ओटीवर कांबळं गुंडाळून बसली होती. जावेच्या कल्याणच्या फ्लॅटमध्ये तिला जागा नाही, म्हणून ती आमच्याकडे. शेगडी बघून तिचा चेहरा उजळला.

"माज्यासाठी आनलीस गो?"

"नाय. तुमची वेगळी हाय."

माळ्यावरून डबा काढला. तळाला नवा पत्रा ठोकून घेतला होता, मी काही तिच्यासारखी नाही. तिने तो ओळखला. मी त्यात निखारे घालून दिले, तशी त्यावर हात धरून बसली. मला बरं वाटलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुलीला मुलगी झाली. बाळंतीण घरी आली त्या संध्याकाळी थंडी चांगलीच झोंबत होती. बाजेखाली निखारे लाल झाले होते, वर मी ओवा टाकला होता. सासू काठी टेकत दाराशी आली.

"मलाबी घडीभर बसव ना आत. हातपाय गार पडलेत."

"येऊ दे ना आजीला," मुलगी बाजेवरून म्हणाली.

"पोरगी झालीय," मी सासूला सांगितलं. "तिला शेक लागतो."

धुरासाठी खिडकी उघडी ठेवली आणि दार लोटून घेतलं.