दादांच्या जीपचं डिफरन्शियल

दादा म्हणजे माझे वडील. ते जीप चालवायचे. चतुर्थीला लिंबागणेशचे भाविक, एरवी बाजारकरी. गावात जीपच्या आधी तिचा आवाज शिरायचा. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारा. त्यातले दात झिजले होते. गावाजवळच्या वळणावर दादांनी वेग कमी केला की तो गोळा लांबट सुरात कण्हायचा. मिस्त्री लोक म्हणायचे, डिफरन्शियल रडतंय. दादांना ते खपायचं नाही. "रडत न्हाई बे, वर्दी देतंय," ते म्हणायचे. आणि ते खरंच होतं. तो आवाज आला की माय पहिली भाकरी तव्यावर टाकायची.

दादा गेले. मग मायला विसर पडत गेला; आधी मिठाचा, मग वाराचा, मग माझ्या बायकोच्या नावाचा. दर महिन्याला तिला बीडला डॉक्टरांकडं न्यावं लागतं. एसटी पाहिली की ती दाराची चौकट धरून बसते. दादांच्या जीपमध्ये मात्र पुढच्या सीटवर पदर सावरून गुमान बसायची. मी जीप घेऊन आलो की वळणावरच्या आवाजानं ती उठून चुलीपाशी जायची. त्या दिवशी ती जेवायचीही बरी.

यंदा जीपचं जुनं पेट्रोल इंजिन पार बसलं. विकून टाक, असं सगळे सांगू लागले. मी तापट माणूस, दोघांना तर दारातूनच परतवून लावलं. तेलगावच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं जुनं डिझेल इंजिन मिळालं. ते जीपमध्ये बसलंही. पण चाळिशीच्या पुढं गाडी गेली की नुसती ओरडायची.

"इंजिन न्हाई, मागचा गोळा जुना हाय," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलच्या हिशेबाचा हाय त्यो. डिझेल इतकं फिरत न्हाई, गुर्जी."

त्यांच्या अंगणात असले दोन गोळे पडले होते. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं मला चेव आला. खडू घेतला, खुणा केल्या आणि चाकाची बाजू एक फेरा फिरवली. आकडा भलताच आला. मिस्त्री हसले. "एकच बाजू फिरवली की निम्मा हिशेब येतो. दोन्ही संगट फिरवा." तसं केलं. एक आमच्यासारखाच निघाला, चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा दांडा साडेपाच फेऱ्यांच्या आसपास फिरत होता. दुसऱ्यात चारच्या थोडा वर. दात धड, तेल स्वच्छ.

"तुमचाच ठिवला तरी चालंल," मिस्त्री म्हणाले. "पळणार न्हाई, रडंल, पण नेईल."

"रडायला नको," मी म्हणालो. "माय बसणार आहे. आवाज अजिबात यायला नको."

हे मीच म्हणालो. माझ्याच तोंडानं.

चारच्या वरचा बसवला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन निघालो. लोण्यातून सुरी जावी तशी ती चालली. वाटेत मी स्वतःवर इतका खूश होतो की शिट्टी वाजवत होतो. वळण आलं, वेग कमी केला, काहीच आवाज झाला नाही. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

माय ओट्यावर बसली होती. चूल थंड होती. मी उतरलो, हात दिला, म्हणालो, "चल माय, दवाखान्यात जायचंय."

तिनं आधी जीपकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हात मागं घेतला.

"कुणाकडं आलाव तुमी?"

"माय, मी आहे. आपलीच जीप ही."

"आमची न्हाई ही," ती म्हणाली. "आमची वळणावरूनच वर्दी देती. मालक येतीलच आता. बसा."

परक्या माणसाला बोलावं तसं, अदबीनं. मला रडू आलं आणि रागही आला, माझ्या त्या खडूवर, त्या आकड्यांवर. दोन्ही बाजू फिरवून मोजलं, तरी निम्माच हिशेब केला होता मी.

तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. जुना गोळा परत बसवायचा म्हणालो.

"कावून? बसला न्हाई का नीट?"

"नीटच बसला. पण जुनाच पाहिजे."

"सकाळीच भंगारवाल्यानं नेला की, गुर्जी. अंगणातला त्यो दुसरा, तुमच्यासारखाच हाय, त्यो बसवू का? आवाज न्हाई त्याला."

नको म्हणालो.

मायनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि बाजूला सरकून मला जागा दिली. मी बसलो. ती वळणाकडं कान लावून होती. मधूनच मला धीर दिल्यासारखं म्हणायची, "येतील, लई उशीर न्हाई लागत त्यांना."

दवाखान्याची वेळ टळून गेली. मीही कान वळणाकडं लावून तिच्याशेजारी बसून राहिलो.