देवरामच्या ग्रहावरची माणसं

वेळूखांड गावात हनुमान जयंतीच्या उत्सवाला नाटक व्हायचंच, आणि नाटक म्हटलं की एक तर राजा आणि सरदार, नाहीतर दारुडा नवरा आणि सोशिक बायको. देवराम भेरेने ही परंपरा मोडली, ती काही क्रांती करायची म्हणून नव्हे. राजाचे कपडे कल्याणहून भाड्याने आणावे लागत. सोशिक बायकोचं काम करायला बाहेरून नटी यायची, आणि तिचे नखरे सोसायला गावातल्या खऱ्या सोशिक बायका तयार नव्हत्या. अंतराळात मात्र कोण काय नेसतं हे शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्रे, थर्माकोल, सायकलचे रिफ्लेक्टर आणि गणपतीच्या आराशीतून उरलेला चंदेरी कागद, एवढ्यावर यान उडायचं.

देवराम निर्मलकांती केमिकल्समध्ये पॅकिंगला होता, कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीचं हे नाव ज्याने ठेवलं त्याने वेळूखांडचा ओहोळ पाहिला नसावा, किंवा पाहूनच ठेवलं असावं. कंपनी वर माळावर, गाव खाली, आणि मधून ओहोळ. कधी तो लालसर वाहायचा, कधी त्यावर साबणासारखा फेस यायचा. मासे उताणे पडले की कंपनीचा माणूस येऊन सांगायचा, उन्हाळ्यामुळे. भर जानेवारीतसुद्धा उन्हाळ्यामुळेच.

सत्त्याण्णव साली देवरामने ‘पाण्याचा ग्रह’ लिहिलं. पृथ्वीवरची एक बलाढ्य कंपनी दूरच्या ग्रहावर कारखाना काढते. तिथे हिरव्या रंगाची गरीब माणसं राहतात, त्यांची एकच नदी. कंपनी त्या नदीत आपली घाण सोडते आणि तिचा एजंट तपासणीला आलेल्या यानाच्या कॅप्टनला म्हणतो, पृथ्वीला कळव, पाणी स्वच्छ आहे. कॅप्टनचं काम अर्थातच देवरामने स्वतःकडे ठेवलं होतं. हिरव्या माणसांचा राजा होता खालच्या आळीचा गणू. त्याची भातखाचरं ओहोळाला लागून होती, त्यामुळे त्याला भूमिकेचा अभ्यास वेगळा करावा लागला नाही. देवरामची बायको प्रेमा होळीचा हिरवा रंग खोबरेल तेलात घोळून त्याला फासायची. तो त्याच्या कानामागून आठवडाभर जात नसे.

शेवटच्या प्रवेशात राजा आपलं मेलेलं वासरू कॅप्टनपुढे ठेवतो आणि म्हणतो, “आमी तुमच्या पृथ्वीवर कंदी आलू व्हतू का? मंग तुमी कशापाय आलाव?” गणूने हे वाक्य असं म्हटलं, की पुढे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग कॅप्टनने यानाचा दरवाजा उघडून कंपनीच्या एजंटाला पोकळीत ढकलून दिलं. पोकळी म्हणजे रंगमंचामागची पेंढ्याची गंजी. शिट्ट्या थांबेनात. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “बरा फेकला मेल्याला!”

दुसऱ्याच दिवशी पर्सोनेल मॅनेजर सबनीससाहेबांनी देवरामला केबिनमध्ये बोलावलं. देवरामने प्रेमाला आधीच सांगून ठेवलं होतं, की आता घरीच बसायचं आहे. पण साहेबांनी खुर्ची दिली. चहा मागवला, सोबत क्रीमची बिस्किटंसुद्धा. ज्याला कामावरून काढायचं त्याला क्रीमची बिस्किटं कोण देतो, या विचाराने देवराम जास्तच घाबरला.

“भेरे, तुम्ही कलावंत आहात आणि आम्हाला पत्ताच नाही,” सबनीस म्हणाले. “केवढी कल्पनाशक्ती! पण सजावट जरा गरिबीची वाटली. पुढच्या वर्षी लाइट, माइक, रंगवलेला पडदा, सगळं कंपनी देईल.”

“साहेब, लय उपकार.”

“उपकार कसले? एकच सुचवतो, कलेच्या दृष्टीने. तो एजंट. त्याला यानातून फेकता, ते जरा भडक होतं. लहान मुलं बघायला असतात. त्याला पश्चात्ताप झाला तर?”

देवरामने घरी येताना विचार केला. पश्चात्ताप ही काही वाईट गोष्ट नव्हे. संतांनीही सांगितलेली आहे. शिवाय एजंटाचं काम करणाऱ्या नथूच्या पाठीत पेंढ्यातली काटकी शिरली होती, तोही प्रश्न सुटत होता.

पुढच्या वर्षी एजंटाने हात जोडून माफी मागितली. टाळ्या जरा विरळ पडल्या, पण लाइटमुळे ते कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर देवरामचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतंच. पडद्यावर निळा झोत पडला आणि रंगवलेला ग्रह काळोखातून हळूहळू वर आला, तेव्हा कॅप्टनच्या वेशातला देवराम विंगेत उभा राहून रडला. इतकी वर्षं तो ग्रह फक्त त्याच्या डोक्यात होता. आता तो सगळ्या गावाला दिसत होता. एका माफीच्या बदल्यात एवढं मिळालं, तर माणूस हिशेब मांडत बसत नाही.

दसऱ्याला देवराम पर्मनंट झाला. त्याला कंपनीचा निळा युनिफॉर्म मिळाला आणि यानाच्या कॅप्टनलाही तोच. खिशावरचं बोधचिन्ह तेवढं उसवायचं राहून गेलं.

त्यानंतर साहेबांच्या सूचना दर वर्षी येऊ लागल्या, आणि त्या नेहमी कलेच्या दृष्टीनेच असत. एका वर्षी ते म्हणाले, “नदी खराब होते ती नेमकी कशाने, हे नाटकात नीट येत नाही. त्या हिरव्या लोकांच्या सवयी कशा आहेत? नदीत गुरं धूत असतील, कपडे धूत असतील. समाजप्रबोधन नको का व्हायला?”

देवरामने राजाच्या तोंडी नवं भाषण लिहिलं. तालमीला गणूने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “म्हंजे नदी मीच नासवली?”

“तू नाय रे, राजा.”

“राजा मीच हाय ना?”

“नाटक हाय, गणू.”

“व्हय, नाटकच हाय,” गणू म्हणाला. “पन माझ्या ध्यानात नाय ऱ्हात हे. जुना कसा आपसूक तोंडात येतो.”

प्रयोगात नव्या भाषणाची जागा आली तेव्हा गणू नुसता उभा राहिला. आतून देवराम वाक्यं पुरवत होता, ती पहिल्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू जात होती. गणूने पाटलाच्या सभेत बसावं तसा गंभीर चेहरा ठेवला आणि एक अक्षर उच्चारलं नाही. सबनीससाहेब प्रमुख पाहुणे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

“पात्रं फार झालीत,” दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. “प्रेक्षकांचा गोंधळ उडतो. ग्रह ओसाड असला तर काय बिघडतं? शास्त्रीयदृष्ट्याही तेच बरोबर. कुठल्या ग्रहावर माणसं सापडली आहेत?”

शास्त्र साहेबांच्या बाजूने होतं. देवरामने नदी साफ करायचं काम नाटकातल्या कंपनीला दिलं आणि ग्रहावरची माणसं काढून टाकली. त्यासाठी युद्ध लागलं नाही की रोगराई. एका रविवारी चहा पिता पिता त्याने ती खोडली. हिरवा रंग घोळायची वेळ आली तेव्हा प्रेमाने विचारलं, “औंदा किती घोळू?”

“नको घोळू. यंदा तिथं कोणी राहत नाही.” पर्मनंट झाल्यापासून देवराम घरातही जरा पुस्तकी बोलू लागला होता.

प्रेमा रंगाची पुडी हातात धरून उभी राहिली. “मंग कंपनी पानी कुनासाठी साफ करते?”

“पुढच्या पिढ्यांसाठी.”

“कुनाच्या?”

देवराम म्हणाला, तुला नाटकातलं कळत नाही. प्रेमाने पुडी फळीवर ठेवून दिली.

नव्या स्वरूपातलं नाटक कंपनीला इतकं आवडलं की त्याचा प्रयोग थेट कंपनीच्या वार्षिक समारंभात झाला. त्यात निळ्या युनिफॉर्मातला कॅप्टन ओसाड ग्रहावर उतरतो, कंपनीच्या औषधाने काळी नदी निळी करतो आणि पृथ्वीला कळवतो, पाणी स्वच्छ आहे. वाक्य तेच होतं. पूर्वी ते म्हणायला नकार दिला की टाळ्या पडत, आता म्हटलं की पडत. डायरेक्टरसाहेबांनी देवरामला शाल घातली. तो पॅकिंगमधून जनसंपर्क विभागात गेला, तिथे त्याला टेबल मिळालं आणि टेबलावर फोन. गावात मात्र उत्सवाच्या नाटकाला गर्दी राहिली ती कंपनी वडापाव वाटायची म्हणून.

दोन हजार चार साली कंपनीला वाढायचं होतं. जुन्या शेडशेजारी दुप्पट मोठी नवी शेड, आणि त्यासाठी जनसुनावणी. शहापुरात एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ती झाली. जिथे नवरा-नवरी बसतात तिथे अधिकारी बसले आणि जिथे वऱ्हाडी बसतात तिथे जनता. मुंबईहून आलेल्या सल्लागाराने पडद्यावर नकाशा दाखवला. त्यात माळ होता, कंपनी होती, ओहोळाची बारीक रेघ होती. ओहोळाच्या काठाला फिकट पिवळा रंग देऊन त्यावर लिहिलं होतं, पडीक जमीन.

दुसऱ्या रांगेतून गणू उठला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. “मी गणू. खालच्या आळीचा. आमचा पानी लाल येतो. भात करपला, म्हस गाभडली. आता त्याच्या दुप्पट करनार म्हनता, तर आमी जायाचा कुठं?”

अधिकारी चांगला माणूस होता. त्याने नकाशाकडे पाहिलं, गणूकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. “ही खालची आळी इथे दिसत नाही. कुठे आहे ती?”

सल्लागार कागद चाळू लागला. सबनीससाहेबांनी मागे वळून फक्त एवढंच म्हटलं, “भेरे, तुम्ही स्थानिक आहात. सांगा ना साहेबांना.”

देवराम उभा राहिला. खालची आळी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या प्रत्येक ओट्यावर त्याने तालमी केल्या होत्या. यानाचे पत्रे गणूच्याच गोठ्यात ठेवलेले असत. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपल्याला वाक्य येत नाही, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मग त्याला वाक्य सुचलं, आणि ते इतकं सहज सुचलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“दोन-चार खोपटी आहेत साहेब. शेतीच्या हंगामापुरती. कायम तिथं कोणी राहत नाही.”

अधिकाऱ्याने मान डोलावली. सल्लागाराने कागद चाळणं थांबवलं. गणू खाली बसला. शेजारच्याने त्याला काही विचारलं तर त्याने नुसता हात हलवला.

जेवण होतं. पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. लग्नाच्या हॉलला ते शोभूनही दिसत होतं. गणू न जेवता बाहेर पिंपळाखाली उभा होता. त्याला टाळून जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून देवराम त्याच्यापाशी गेला.

“गणू, राग धरू नको. माझी नोकरी...”

“राग नाय रे,” गणू म्हणाला. “नाटकातून काढलास तवा बोललू काय मी? मला वाटला, बरा झाला, पाठ करायचा ताप गेला.” त्याने टोपी काढून झटकली. “पन आज मी समोर हुबा व्हतू, देवराम. तुला दिसत व्हतू. आन् तू बोललास तिथं कोन नाय.”

शहापूर-मुरबाड एसटी आली आणि गणू जाऊन बसला.

नवी शेड उभी राहिली. त्याचं बक्षीस म्हणा की आभार म्हणा, कंपनीने वरच्या आळीला नळ दिला आणि पहिली तोटी देवरामच्या अंगणात बसवली. उद्घाटनाला नारळ फुटला. खालच्या आळीच्या विहिरीचं पाणी तोवर जनावरंही तोंडात घेत नव्हती. तिथल्या बायका हंडे घेऊन सकाळी देवरामच्या अंगणात रांग लावू लागल्या आणि प्रेमा त्यांना भरून देऊ लागली.

“कंपनीचं पाणी आहे ते,” देवराम एकदा हळूच म्हणाला. “वरच्या आळीपुरतं. साहेबांनी बघितलं तर काय म्हणतील?”

प्रेमाने हंडा सरकवून दुसरा तोटीखाली लावला. “खालच्या आळीत कोन ऱ्हातच नाय ना? मंग साहेब बघंल कुनाला?”

रांगेतल्या बायका हसल्या. देवराम घरात गेला. त्या सकाळी तो चहाही न घेता कामावर गेला आणि दिवसभर टेबलावरच्या फोनकडे बघत बसला. फोन वाजला नाही. त्यानंतर नळाबद्दल तो कधी बोलला नाही. प्रेमाही नाटकाबद्दल बोलली नाही. एका घरात दोघांनी राहायचं तर एवढी तडजोड पुरते.

पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत खालची आळी एकेक घर करून उठली. कुणी भिवंडीला गोदामात गेलं, कुणी डोळखांबकडे सासुरवाडीला. गणूला वाशिंदला नव्या बिल्डिंगांवर वॉचमनचं काम मिळालं. नकाशा काढणारा सल्लागार चुकला होता असं म्हणायची सोय राहिली नाही. त्याने काढला तेव्हा नकाशा खोटा होता इतकंच, पुढे तो तंतोतंत खरा झाला.

दोन हजार सात साली निर्मलकांतीने दुसऱ्या जिल्ह्यात, एका नदीच्या काठी जागा घेतली. सबनीससाहेब आता मोठ्या पदावर होते. त्यांनी देवरामला बोलावलं, पुन्हा क्रीमची बिस्किटं मागवली आणि म्हणाले, तिथल्या गावकऱ्यांना नाटकाचं फार वेड आहे, वर्षभर तिकडे राहून काहीतरी बसवा, राहायला क्वार्टर देतो.

देवरामने घरी येऊन पेटी भरायला काढली. प्रेमाने त्याला शर्टांच्या घड्या करून दिल्या, लसणाची चटणी बांधून दिली. येतेस का, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी कशाला? माझ्याजोगता काय काम नसंल तुमच्या नाटकात.”

नव्या गावातल्या पोरांनी त्याचं जोरात स्वागत केलं. अंतराळातलं नाटक म्हटल्यावर शाळेचं पटांगण भरून गेलं, आणि कुणाला काम मिळणार यावरून ढकलाढकली सुरू झाली. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, मास्तर, यात आमच्यासारख्यांना काय काम असंल का?

देवरामने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “बसा बाबा, बघणारेही लागतातच,” आणि कॅप्टनचा निळा शर्ट पेटीतून काढून दोरीवर वाळत घातल्यासारखा टांगला, सगळ्यांना दिसेल असा.