पुलीकाकांचा शनिवार

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पुलीकाका खांदा कॉलनीतल्या आपल्या घरी पोचलेले असत, मग आमच्याकडे कितीही गर्दी असो. पनवेलच्या मॉलमधलं आमचं बोलिंग सेंटर चालायचं ते शनिवारीच, आणि आमचा एकुलता एक मेकॅनिक नेमका शनिवारी कामाला हात लावायचा नाही! मी तिथली मॅनेजर. सुरुवातीला माझा फार जळफळाट व्हायचा.

काका बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू; शुक्रवारच्या सूर्यास्तापासून त्यांचा विश्रामाचा दिवस सुरू होई. "आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, ताई," ते म्हणत. "त्यामुळे कोणी उपाशी मेलं नाही."

त्याची भरपाई ते शुक्रवारी दुपारी करत. पडलेल्या पिना पुन्हा उभ्या करणाऱ्या यंत्रांच्या मागे शिरायचं, मेन स्विच स्वतः बंद करायचा आणि एकेका मोटरची पुली हाताने फिरवून बघायची. मग खिशातला दोरा दोन्ही पुल्यांच्या कडांना ताणून धरायचा. दोरा कुठे टेकला नाही, तर पुली तिरकी. "वाकडी पुली, आणि मार खातो बिचारा बेल्ट," असं म्हणत बेल्ट झिजून खाली सांडलेली काळी पूड बोटावर घेऊन दाखवत. मला त्यातलं काय कळणार? मी मान डोलवायचे.

एका शुक्रवारी म्हणाले, "सहा नंबरच्या लेनमागच्या पुलीचा स्क्रू धरत नाहीये. नवा सोमवारी येईल. तोवर लेन बंद ठेवा." मी हो म्हटलं. शनिवारी वाढदिवसाची पार्टी आली आणि मी सहा नंबर सुरू केली. अर्ध्या तासात पुली निसटली, बेल्ट तुटला, यंत्र अडकलं.

सोमवारी मालक काकांवर बरसले. "तुमच्या सुट्टीपायी हे झालं. यापुढे शनिवारी यायचं, नाहीतर दुसरीकडे बघा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला नोकरी जायची भीती वाटली. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले.

मालक गेल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "पुली निसटली तेव्हा यंत्रामागे कोणी नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग झालं." त्यांनी नवा स्क्रू बसवला, दोरा लावून पाहिला आणि त्याच आठवड्यात काम सोडलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी मी मालकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "बोलवा त्यांना. शनिवारची सुट्टी कायम, म्हणावं."

मी तशीच खांदा कॉलनीत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते गेले ना मुलीकडे, इस्राएलला. कायमचे. महिना झाला."

'लेन मीच सुरू केली होती' एवढं एक वाक्य मालकांना बोलायला मला चार महिने लागले होते.